‘घरातलंच माणूस’ : मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
सप्रेम नमस्कार.

गेल्या बैठकीच्या इतिवृत्तात माझ्या तक्रारीला एक ओळ मिळाली आहे. ‘टाइम बँकेतील मुलांच्या सांभाळाबाबत एका सभासदाने शंका मांडली; आपण सर्व एकमेकांना ओळखतो, सबब विषय संपला.’ माझ्या लेखी तो संपलेला नाही, म्हणून हे पत्र. (टाइम बँक म्हणजे आपल्या मंडळाची योजना : एकमेकांच्या कामाला तास द्यायचे, बदल्यात तास घ्यायचे, आणि हिशेब एका वहीत मांडायचा.) ते उघड लिहिते आहे, कारण वहीत नावं असलेल्या एकेचाळीस घरांपैकी बैठकीला जेमतेम नऊ घरांतली माणसं होती. उरलेल्यांनाही कळायला हवं.

झालं ते आधी सरळ सांगते. जुलैतला मंगळवार होता. माझी दुपारची शिफ्ट सुपर कॉरिडॉरवर, नवरा पीथमपूरला, सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नणंदेकडे. मुलगा साडेतीन वर्षांचा. मी वहीतून तीन तास मागितले आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका मावशींनी लगेच हो म्हटलं. साडेपाचला नवरा मुलाला आणायला गेला, तर दार विशीतल्या एका मुलाने उघडलं. मावशी भाजीला गेल्या होत्या. किती वेळ झाला? ‘झाला असेल तासभर.’ हा मावशींच्या दिरांचा मुलगा, उज्जैनहून परीक्षेसाठी आलेला. आमचे चिरंजीव त्याच्या मांडीवर बसून मोबाइलवर रेल्वेगाड्या बघत होते.

काही झालं नाही. कोणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून पुन्हा लिहिते, काहीही झालं नाही. तो मुलगा सभ्य होता, मावशी परत आल्या त्या माझ्या मुलासाठी केळी घेऊन. दोघांवरही माझा कसलाच आरोप नाही, आणि मावशींशी माझं बोलणंचालणं आजही आहे. पण त्या तासाभरात माझं मूल कोणापाशी होतं, हे मला माहीत नव्हतं, त्याच्या वडिलांना माहीत नव्हतं, आणि वही मीच सांभाळत असल्यामुळे खात्रीने सांगते, वहीलाही माहीत नव्हतं. वहीत लिहिलेलं होतं, ‘मावशी, ३ तास’. मी विचारलं तेव्हा आधी त्यांच्याकडून आणि मग कार्यकारिणीतल्या तिघांकडून एकच उत्तर आलं : “अगं, घरातलंच माणूस आहे!”

या तीन शब्दांवरच माझं भांडण आहे.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली नोंदलेल्या बलात्काराच्या प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांच्या वरच दिसतं. नातलग, शेजारी, कुटुंबाचे स्नेही, शिकवणारे. आपण मुलांना ‘अनोळखी काकांकडून चॉकलेट घेऊ नकोस’ हे शिकवतो आणि ओळखीच्या काकांच्या मांडीवर स्वतः बसवतो. याचा अर्थ प्रत्येक काकांकडे संशयाने बघावं असा मुळीच नाही. ‘ओळखतो’ हा शब्द तपासणीच्या जागी वापरता येत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

‘वाड्यात मुलं अशीच वाढली’ म्हणत वाड्यांची आठवण मला कोणी करून देऊ नये. इंदूरला होळकरांच्या मागोमाग आलेल्या घरांपैकीच एक माझ्या माहेरचं. राजवाड्याजवळच्या आमच्या वाड्यात सोळा माणसं होती, मूल कोणाचं आणि भरवतंय कोण हे विचारायची पद्धत नव्हती. ते सुख मी भोगलेलं आहे. पण त्याच वाड्यात एका विशिष्ट पाहुण्याच्या खोलीत मुलींनी एकटं जायचं नाही, हे मोठ्या बायका एकमेकींना डोळ्यांनी सांगत. तोंडाने कोणी कधी बोललं नाही. आजही त्या पाहुण्याचं नाव निघालं की आईचं बोलणं दोन क्षण थांबतं. तेव्हा वाड्यात सगळं आलबेल होतं हे मला सांगू नका. तिथे डोळे जास्त होते, हे मात्र खरं. आपल्या फ्लॅटमध्ये तेही नाहीत.

तरी ही योजना बंद करा असं मी म्हणत नाही. उलट ती मोडू नये म्हणून हे लिहिणं चाललं आहे. नव्या घरांसाठी दोन शब्द. जपानमध्ये ओसाका इथे तेरुको मिझुशिमा या बाईंनी १९७३ मध्ये श्रमाची बँक काढली, त्यात बायका तासांच्या बदल्यात तास देत. अमेरिकेत एडगर कान या कायद्याच्या प्राध्यापकाने १९८० नंतर हीच कल्पना वेगळ्या वाटेने मांडली : काम कोणतंही असो, तासाची किंमत एकच. आपल्या मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये आनंद विभाग काढला आणि २०१९ मध्ये टाइम बँकेची कल्पना सरकारी पातळीवरही पुढे आली. पण आपल्याला परदेशात जायला नको. शेतकऱ्यांची सावड हीच : आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी. झाबुआकडचे भिल्ल हलमा, म्हणजे सगळ्यांनी मिळून श्रमदान, करतात, तिथे तर परतफेडीचीही अपेक्षा नसते. आणि वाटीभर साखरेचं हातउसनं कोणत्या घराने घेतलं नाही?

गरज तर रोज दिसते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. आपल्या कॉलनीतल्या किती जणी अशा ठिकाणी आहेत? दोघी शाळेत, एक सीएच्या ऑफिसात, एक ब्यूटी पार्लर चालवते, एक छप्पन दुकानाजवळ बुटिकमध्ये. सगळीकडे पाच-दहा माणसं. बाळ सहा महिन्यांचं झालं की कायद्याचा हात सुटतो. आणि त्याच गल्लीत ज्यांची मुलं पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला, अशी बारा घरं आहेत. दुपारी त्यांच्या दिवाणखान्यात फक्त घड्याळ वाजतं. या दोन्ही प्रकारच्या घरांना एकत्र आणण्याची कल्पना अध्यक्षकाकांचीच होती, आणि गेल्या गणपतीत त्यांनी ती मांडली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होते. वही सांभाळायला मीच हात वर केला.

म्हणूनच वहीत काय बिघडतंय ते मला आधी दिसलं.

तासांचा हिशेब ठेवला की त्याचं ओझंही येतं. माझे स्वतःचे तास सध्या उणे सहा आहेत, म्हणजे दिल्यापेक्षा सहा जास्त घेतलेत. उणे असलेली आई समोर आलेल्या माणसाला ‘नको’ म्हणू शकत नाही, हे मी स्वतःवरून सांगते. त्या मंगळवारी मावशींऐवजी मला दुसऱ्या एक बाई हव्या होत्या. पण आधीच उणे, त्यात निवड करणारी मी कोण, असं वाटलं. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिल भागातल्या मूल-सांभाळ मंडळाची गोष्ट अर्थशास्त्र शिकलेल्यांना माहीत असेल. जोन आणि रिचर्ड स्वीनी या दांपत्याने १९७७ मध्ये त्यावर लेख लिहिला. सुमारे दीडशे जोडपी, सांभाळाच्या बदल्यात कुपनं. कुपनं कमी पडली, तसे लोक ती जपून ठेवायला लागले, संध्याकाळी घराबाहेर पडेनात, आणि कोणी बाहेर पडत नाही म्हणून कोणाला कुपन मिळवताही येईना. शेवटी जास्त कुपनं काढावी लागली. त्यांच्याकडे कुपन संपलं की माणसं घरात बसली. आपल्याकडे तास संपले की आया गप्प बसतात. पहिल्यात सिनेमा बुडतो, दुसऱ्यात काय बुडू शकतं ते लिहायला नको. माझं मत असं, की मुलांच्या सांभाळाचे तास उणे धरूच नयेत. बाकी कामांचे धरा. गॅसचा नंबर लावून दिला, ऑनलाइन फॉर्म भरून दिला, स्टेशनवर सोडलं, ते सगळं मोजा. सहा महिन्यांनी मंडळाने सगळ्यांना थोडे तास नव्याने वाटावेत आणि मोकळं व्हावं.

दुसऱ्या टोकाला आपल्या एक आजी आहेत, वय एकाहत्तर. त्यांच्या नावावर एकशे बारा तास जमा. खर्च शून्य. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा कळलं, यातले निम्मे सूनबाईंनी परस्पर कबूल केलेले. ‘आईंना मुलांची आवडच आहे, टाका त्यांच्या नावावर.’ आजींचे दोन्ही गुडघे गेलेत. दोन वर्षांचं मूल जिन्याकडे धावलं तर त्या उठेपर्यंत ते खाली पोचलेलं असेल. दमलेलं माणूस हाही धोकाच असतो, त्यात कोणाचा दुष्टपणा लागत नाही. तास ज्याने द्यायचे त्यानेच सांगावेत, घरातल्या दुसऱ्याने नाही. आणि आजींचे ते एकशे बारा तास कोणीतरी वापरायला लावा हो, त्यांना दर महिन्याला बँकेत न्यायला माणूस हवा आहे आणि त्या मागत नाहीत.

आता सुरक्षिततेबद्दल. कार्यकारिणीने फार तर एकच गोष्ट करायची ठरवली तर ती ही करावी : माणसाची नोंद न करता घराची करावी. मावशी चांगल्या आहेत हे पुरेसं नाही. त्या घरात आणखी कोण राहतं, वरचा भाडेकरू कोण, दुपारी कोण येतं-जातं, कुत्रा आहे का, गच्चीला कठडा किती उंच, पाण्याच्या टाकीला झाकण आहे का, हे बघायला दोघांनी जाऊन यावं. एक मंडळाचा, एक मूल असलेल्या घरातला. पाहुणा मुक्कामाला आला तर त्या दिवसांत तास द्यायचे नाहीत, किंवा आईबापांना आधी सांगायचं आणि त्यांनी ठरवायचं. मूल ज्याच्या हाती दिलं त्याने ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. दूध आणायला जायचं असेल तर मूल बरोबर न्यावं, नाहीतर दुधाशिवाय चहा करावा.

पोलीस पडताळणी करावी का? करावी. पण तिच्यावर विसंबू नये, कारण पोलिसांकडे दिसतं ते नोंदलेलं. जे कधी नोंदलंच गेलं नाही (आणि आमच्या वाड्यातल्यासारखं बरंच नोंदलं जात नाही) ते तिथे दिसणार कसं? लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी २०१८ पासून आहे, पण ती तपास यंत्रणांसाठी आहे, तुम्हीआम्ही उघडून बघू शकत नाही. त्यामुळे खरी राखण आपल्या रोजच्या पद्धतीनेच होणार. पहिल्या दोन वेळा आई किंवा वडील त्याच घरात थांबतील. सांभाळताना शक्यतो दोन मोठी माणसं असतील, आणि एकच असेल तर खोलीचं दार उघडं राहील. आधी न सांगता आईबाप केव्हाही येतील आणि त्याचं कोणी वाईट वाटून घेणार नाही. मूल न्यायला कोण येणार हे सकाळीच वहीत लिहिलेलं असेल. शी-शू आणि आंघोळीबद्दल आईबाप आधीच सांगून ठेवतील की कोणी करायचं, कोणी नाही.

बैठकीत एक सूचना आली होती की फक्त बायकांनीच मुलं सांभाळावीत. मला ती पटत नाही. आपल्याकडचे एक निवृत्त मास्तर मुलांना कॅरम असा शिकवतात की पोरं घरी यायला तयार नसतात. त्यांना बाद करून आपण काय मिळवणार? आणि बायकांच्या नावावर घेतलेला तास प्रत्यक्षात घरातल्या कोणाकडेही जाऊ शकतो, हे त्या मंगळवारी दिसलंच. नियम पुरुषांना वेगळा आणि बायकांना वेगळा ठेवला की लोक नियमाकडे बघायचं सोडून माणसाकडे बघू लागतात. दार उघडं ठेवायचं तर ते मास्तरांनीही ठेवावं आणि मीही.

प्रत्येक मुलाचं एक कार्ड असावं. अॅलर्जी, चालू औषधं, डॉक्टरांचा नंबर, आईबाप नाही लागले तर तिसरा नंबर. लेखी दिल्याशिवाय औषधाचा थेंबही नाही, मग ती घरची बाळघुटी का असेना. आणि खाणं! आपण इंदूरची माणसं, आलेल्याच्या हातावर शेव ठेवल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. पोह्यातला, नमकीनमधला अख्खा शेंगदाणा पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो, बालरोगतज्ज्ञ तो देऊ नका म्हणतात. अख्खे हरभरे, अख्खी द्राक्षं तशीच. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं तर पालथं धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, असं आलटून पालटून करतात. मोठ्या मुलाची रीत वेगळी असते. हे वाचून येत नाही, बाहुलीवर करून बघावं लागतं. आपल्या कॉलनीत दोन डॉक्टर राहतात. एका रविवारी दीड तास मागू, आणि ते तास त्यांच्या नावावर जमा करू.

मुलांचे फोटो ग्रुपवर टाकणं थांबवा, ही विनंती वेगळी करते. ‘बघा, कसा गोड जेवतोय’ म्हणून आलेला माझ्या मुलाचा उघडा फोटो मला न विचारता दीडशे जणांनी पाहिला.

आणि तक्रार. इथे मला कार्यकारिणीचं लक्ष हवं आहे, कारण हा भाग ऐच्छिक नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाला आहे किंवा होण्याची भीती आहे असं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना सांगणं पॉक्सो कायद्याच्या कलम १९ ने बंधनकारक आहे. न सांगणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कैद एक वर्षापर्यंत जाते. चांगल्या हेतूने सांगणाऱ्यावर मात्र दावा किंवा खटला होऊ शकत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे ‘घरचा मामला आहे, दोन्हीकडच्या मोठ्यांना बसवून मिटवू’ हा अधिकार मंडळाला नाहीच. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने लिहून ठेवला आहे. बाकीच्या, म्हणजे उशीर, ओरडणं, मोबाइल हातात देणं, अशा तक्रारींसाठी दोघांची समिती पुरे. त्यातली एक व्यक्ती आपल्या मंडळाबाहेरची असावी, नाहीतर प्रत्येक तक्रार कोणाच्या तरी साडूची निघते.

यावर उत्तर मला माहीत आहे. ‘फॉर्म भरायला सांगितले तर लोक दुखावतील.’ मंडळाची पातेली आपण लग्नाकार्याला देतो तेव्हा काय करतो? मोजून देतो, मोजून घेतो. पोचा आलेल्या परातीचे पैसे लावतो. गेल्या वर्षी एका झाऱ्यासाठी खजिनदारांनी तीन फोन केले होते, आणि तो झारा परत आला. त्यात कोणी दुखावलं नाही, कारण सही सगळ्यांचीच घेतात. इथेही तेच करू. पहिला अर्ज माझ्या घराचा, दुसरा अध्यक्षकाकांच्या घराचा, मग खजिनदारांचा, मग सचिवांचा. घर बघायला या. आमच्या गच्चीचा कठडा कमी उंचीचा आहे, ते मीच आधी सांगते. जाळी लावायला माणूस शनिवारी येतो आहे.

येत्या रविवारी सकाळी साडेदहाची सभा आहे. वही घेऊन मी येईन. विषयपत्रिकेत हा विषय ‘ऐन वेळचे विषय’ या शेवटच्या ओळीत न ढकलता दुसऱ्या क्रमांकावर घ्यावा, कारण बाराला लोक जेवायला उठतात. ठराव होईपर्यंत मुलांच्या सांभाळाचे नवे तास मी वहीत लिहिणार नाही. बाकी सगळे तास चालू आहेत. त्या मावशींना गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे, ते दोन तास मी घेतले आहेत. म्हणजे माझे उणे सहाचे उणे चार होतील.

आपली,
वही सांभाळणारी सभासद
इंदूर